लेखक एक, कप्पे चार!

बी-४०२ (वाचनालय): सी-७०४ च्या आजींनी जाता जाता पिशवीभर पुस्तकं दिलीत. काल कपाट लावायला बसले आणि अडकले. लेखक एकच, सुकुमार सेन. पण एक पुस्तक बंगाली भाषेच्या इतिहासाचं, एक गावांच्या नावांवरचं, शब्दांच्या व्युत्पत्तीचा इंग्रजी कोश दोन खंडांत, एक जुन्या छापील चित्रांचं आणि वर डिटेक्टिव्ह गोष्टी! कुठे ठेवू?

ए-१०१: नक्की एकच माणूस ना? आपल्या विंगमध्ये दोन कुलकर्णी आहेत, रोज पार्सलं उलटसुलट जातात 😄

सी-७०४ आजी: एकच हो. कलकत्ता विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जींचे विद्यार्थी, पुढे तिथेच प्राध्यापक. १९९२ मध्ये गेले, नव्वदी ओलांडून. त्यांच्या गोष्टीतला गोयेंदा, म्हणजे आपला डिटेक्टिव्ह, कोण माहितेय? कवी कालिदास!

ए-१०१: मेघदूतवाला??

सी-७०४ आजी: तोच. विक्रमादित्याच्या राज्यात गुन्हा घडला की तपास याच्याकडे.

सेक्रेटरी: उद्या १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा.

डी-६०३ काका: म्हणजे प्राध्यापकांचा रिटायरमेंटनंतरचा टाईमपास. त्या गोष्टी मुलांच्या खणात टाका, बाकीचं 'संदर्भ'मध्ये. विषय संपला.

सी-७०४ आजी: टाईमपास कसला? गुन्हेकथांचा अख्खा इतिहास लिहिलाय त्यांनी. ऐंशीच्या पुढे असताना कलकत्त्यात होम्सवेड्या मंडळींचा क्लब काढला.

डी-६०३ काका: बरं. मागे घेतो 🙏

बी-२०४: भाषेचा शोध म्हणजे पण एक डिटेक्टिव्हगिरीच ना! शब्दाचा माग काढायचा..

बी-४०२ (वाचनालय): वहिनी, हे वाक्य प्रत्येक प्रस्तावनेत असतं. मला कप्पा सांगा.

सी-७०४ आजी: मला विचाराल तर सगळ्यात मजेचं त्यांचं तरुणपणीचं काम, १९२० च्या दशकातलं. बायकांची बंगाली. बायका कोणते शब्द वापरतात, जे पुरुषांच्या तोंडी येत नाहीत. त्या काळात हा अभ्यासाचा विषय असू शकतो हे कुणाला सुचणार! आमच्याकडे बंगालमध्ये बायका चिडल्या की 'पोडारमुखो' म्हणतात. जळक्या तोंडाचा.

बी-२०४: अगंबाई! आमची आजी म्हणायची, 'जळलं मेलं ते लक्षण!'

ए-३०१ ताई: आणि 'मेल्या'! गडीमाणसं एकमेकांना मेल्या नाही म्हणत. आणि 'इश्श' म्हणणारा पुरुष मी फक्त नाटकात पाहिलाय.

डी-६०३ काका: आमच्या मालवणात सगळेच 'मेल्या' म्हणतात. प्रेमाने.

ए-३०१ ताई: काका, यावर तुम्हीच प्रबंध लिहा आता 😂

ए-१०१: ते चित्रांचं पुस्तक काल माझ्या पोरांनी कॉमिक समजून उघडलं. लाकडी ठशांची काळी-पांढरी चित्रं. अर्धा तास घरात शांतता!

सी-७०४ आजी: ते बटतल्यावरचं. कलकत्त्याचा छापखान्यांचा भाग, तिथे स्वस्त पुस्तकं निघायची. पंचांग, पोथ्या, चावट प्रहसनं, सगळं. भद्र लोक नाकं मुरडायचे. सेनबाबूंनी ते मायेने गोळा करून त्यावर लिहिलं.

ए-१०१: चावट?? पोरांकडून काढून घेतो 🏃

बी-४०२ (वाचनालय): ठरलं. फोडायची नाहीत, सगळी एकत्र ठेवते, दिवाळी अंकांशेजारी जागा आहे. पण आजी, बंगाली वाचणार कोण? रविवारी पाचला क्लबहाऊसमध्ये मुलांना एक कालिदास सांगाल का? मराठीतून?

सी-७०४ आजी: सांगेन. पण मुलगी मंगळवारी न्यायला येतेय, तेव्हा याच रविवारी. खुर्ची पाठीची हवी, प्लॅस्टिकची नको.

सेक्रेटरी: क्लबहाऊस रविवारी बुक आहे. डोहाळजेवण, बी-५०१.

बी-५०१: अहो, डोहाळजेवण चारपर्यंत आटपेल. आजींनी तिथेच सुरू करावं, आम्हीपण बसतो. झोपाळ्यावर बसल्या तरी चालेल 🙂