दहावी : शाब्दिक उदाहरणांसाठी काय घ्यावं? (बजेट ३०० रुपये)

रानजाई : लेक दहावीत आहे. समीकरण मांडून दिलं की पटापट सोडवते, शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली. वयाची आणि अंकगणिती श्रेढीची (सारख्याच फरकाने वाढत किंवा उतरत जाणाऱ्या संख्यांची) तर नकोच म्हणते. क्लास लावायचा नाहीये. ३०० रुपयांत एखादं पुस्तक सुचवा.

चहाबाज : क्लासला पर्याय नाही. आमच्या चिरंजीवांना नववीपासूनच लावला होता, २२ हजार फी. गणितात ९६!

रानजाई : क्लास नको म्हटलंय हो वर.

वाटसरू : टॅब घ्या. व्हिडिओ थांबवून थांबवून बघता येतात. आम्ही १४ हजारांत घेतला. (सध्या त्यावर क्रिकेट चालतं, ते सोडा.)

जुना_मास्तर : कशाला पैसे घालवता? बालभारतीचं पुस्तक ई-बालभारतीवर फुकट मिळतं, आधी त्यातले सरावसंच संपवा. गाईड अजिबात नको, उत्तरं पाठ होतात. आणि समीकरणाआधी तक्ता करायला लावा. समजा, वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट, १२ वर्षांनी दुप्पट होणार. दोन रकाने पाडा, आज आणि १२ वर्षांनी. आज क्ष आणि ३क्ष. पुढच्या रकान्यात दोघांतही १२ मिळवायचे. पोरं बापाचं वय वाढवतात, मुलाचं विसरतात. ३क्ष + १२ = २(क्ष + १२). मुलगा १२, बाप ३६.

गोदाकाठ : घरचेच हिशेब द्या की. आमच्या बचत गटात १२,००० कर्ज, महिना शेकडा १, मुद्दल दरमहा १,००० फेडायचं. व्याज आधी १२०, मग ११०, १००, असं करत शेवटी १०. बारा पदं, म्हणजे सहा जोड्या. पहिलं अधिक शेवटचं १३०, गुणिले ६, झाले ७८०. माझ्या जावेला एका फायनान्सवाल्याने एवढ्याच कर्जावर सरसकट १,४४० लावले. मुद्दल फिटतंय तरी व्याज पूर्ण रकमेवर!

चहाबाज : म्हणजे बँकेचा ईएमआयही श्रेढीच.

गोदाकाठ : नाही. तिथे हप्ता सारखा असतो, त्यातला मुद्दलाचा वाटा वाढत जातो. व्याज दर महिन्याला सारख्या रकमेने उतरत नाही.

चहाबाज : १५ वर्षं गृहकर्ज फेडलंय, मला नका शिकवू.

निशिगंध : मास्तरांना अनुमोदन, बालभारतीचं पुस्तक फुकट मिळतं. शिवाय ‘बाराव्या महिन्यात किती’ विचारलंय की ‘बारा महिन्यांत एकूण किती’, ते आधी अधोरेखित करायचं. आमच्याकडे निम्मे गुण तिथेच जायचे.

रानजाई : सगळ्यांचे आभार. काल अप्पा बळवंत चौकातून गाईड आणली. मैत्रिणींकडे आहे म्हणून तिला तीच हवी होती. बचत गटाचं गणित घातलं, ७८० बरोबर काढले. आता विचारतेय, मधे दोन हप्ते चुकले तर?

जुना_मास्तर : गाईड नको म्हटलं होतं.

वाटसरू : केवढ्याला मिळाली?