'अंगावरून वारं गेलं': पत्रकात कोणता शब्द घ्यावा?

पाटीपेन्सिल: तालुक्याच्या दवाखान्यासाठी स्ट्रोकवर एक पानी पत्रक मराठीत करतेय. मी 'पक्षाघात' लिहिलं. टाइप करणारा मुलगा म्हणाला, "ताई, हे आमच्या आजीला कळायचं नाही." आई म्हणते 'अर्धांगवायू' लिही. पण यात वायू कुठून आला? मेंदूची रक्तवाहिनी तुंबते नाहीतर फुटते. काय लिहू?

गावशीव: 'अंगावरून वारं गेलं' लिहा. आमच्या माणदेशात दुसरा शब्दच नाही.

जुनीवही: पक्ष म्हणजे बाजू, तिच्यावर घात. इतका नेमका शब्द असताना बदलायचा कशाला? आणि वायूचं म्हणाल तर तो आयुर्वेदातला वात. 'वारं' हे त्याचंच घरगुती रूप.

रातराणी: 'वारं गेलं' कृपा करून नको. सकाळी सातला बाबांच्या उजव्या हातातून कप सुटला. चहा ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळत होता, बोलणं लडबडलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वारं गेलंय, तेल चोळा." आम्ही चोळत बसलो. 'गेलं' म्हटलं की जे व्हायचं ते होऊन गेलं असंच वाटतं हो. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तिथे कळलं.

गावशीव: वाचून वाईट वाटलं, ताई. तरीही म्हणतो, लोकांचाच शब्द घ्या आणि पुढे जोडा: 'वारं गेलं? तेल नको, १०८ लावा.'

वऱ्हाडवाट: आमच्याकडे 'लकवा मारला' म्हणतात. त्यात 'मारला' आहे, तेव्हा माणूस धावतो तरी.

जुनीवही: लकवा अरबी आहे. मूळ अर्थ तोंड वाकडं होणं, एवढाच.

वऱ्हाडवाट: मूळ काही असो, आमच्याकडे हातपाय लुळे पडले तरी लकवाच.

रात्रपाळी: मी नर्स आहे. पक्षाघात, लकवा हे परिणाम झाले. स्ट्रोकमध्ये प्रत्येकाची बाजू जातेच असं नाही. कुणाचं नुसतं बोलणं बरळल्यासारखं होतं, कुणाचा एकदम तोल जातो, कुणाला दिसेनासं होतं. 'झटका' तर मुळीच नको. लोक हृदयाचा समजतात आणि ॲस्पिरिन देतात. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्तस्राव असेल तर त्या गोळीने घात होतो. पाणीसुद्धा पाजू नका, श्वासनलिकेत जातं. आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो.

पाटीपेन्सिल: मग मथळ्यात सरळ 'स्ट्रोक'?

गावशीव: आत्ताच आजीला विचारलं. म्हणाली, "उन्हाचा का?"

जुनीवही: बघा! उष्माघातातही 'घात'च आहे. पक्षाघात ठेवा, आजीला एकदा समजावून सांगा.

रातराणी: समजावायला वेळ कुठे असतो, जुनीवही? बाबांना अजून 'कप' हा शब्द सापडत नाही. बोटांनी कपाचा कान धरल्यासारखं करून दाखवतात.

वऱ्हाडवाट: लकवा अरबी कशावरून, ते सांगा पण. आमच्या मास्तरांनी वेगळंच शिकवलं होतं.