रिपोर्ट सगळे नॉर्मल, बिलं मात्र थांबत नाहीत. ७० नंतरचं डिप्रेशन असेल का?

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. काकूंचं वय ७३, बीपी आहे, शुगर नाही. वर्षभर एकच पाढा: पोटात गोळा येतो, अन्न जात नाही, अंग मोडून येतं, पहाटे तीनला जाग. एन्डोस्कोपी दोनदा, सोनोग्राफी, डोक्याचा एमआरआय, तीन दिवस भरती. काहीच निघालं नाही आणि भरतीचा क्लेमही नाकारला. वाती वळणं सुटलं, सानंदच्या नाटकाला येणं सुटलं, पण "उदास वाटतं" असं त्या एकदाही म्हणत नाहीत. एका डॉक्टरांनी डिप्रेशनची शंका काढली आहे, घरात कोणाला पटत नाही. ओळखायचं कसं? आणि उपचारांनी खर्च खरंच कमी होतो, की आणखी एक डॉक्टर वाढतो?

लोकमान्यनगर
अहो, वय झालं की असंच. भजनाला पाठवा.

परिचारिका_वृद्धसेवा
भजनाला जरूर पाठवा, पण वाती वळणं सुटणं हे वयाचं लक्षण नव्हे. हात चालतात आणि तरी करावंसं वाटत नाही, खूण तीच आहे. या वयात डिप्रेशन रडण्यातून कमी आणि पोट, पाठ, झोप यांतून जास्त बोलतं. म्हणून तर पेशंट पोटाच्या डॉक्टरकडे पोचतो.

ओळखण्यासाठी जीडीएस-१५ ही प्रश्नावली वापरतात. १५ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, वेळ पाच-सात मिनिटं. त्यात झोप आणि भुकेबद्दल मुद्दाम काही विचारलेलं नाही, कारण म्हातारपणी त्या तक्रारी इतर आजारांतही असतात. आयुष्याबद्दल समाधान आहे का, आवडीची कामं सोडलीत का, बाहेर जाण्यापेक्षा घरीच बरं वाटतं का, असे प्रश्न. ५ किंवा जास्त गुण आले तर तपासणी हवी, १० किंवा जास्त आले तर डिप्रेशन जवळजवळ नक्की. प्रश्न एकांतात विचारा. सून-मुलगा समोर असले की सगळी उत्तरं "छान आहे" अशीच येतात. विस्मरण बरंच वाढलेलं असेल तर ही प्रश्नावली चालत नाही.

एमआरआय झाला, पण टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम झालंय का? थायरॉइड मंद असेल तर चित्र हुबेहूब असंच दिसतं. या रक्ततपासण्या एमआरआयच्या मानाने किरकोळ खर्चाच्या आहेत.

आणि "आता पुरे झालं" असं त्या म्हणत असतील तर जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाही. गोळ्यांचा डबा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते.

दवाबाजार
ताईंनी मुख्य सांगितलं, मी फाईलचं बोलतो. सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पट्ट्या एका टेबलावर मांडा. ब्रँडचं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरांतलं नाव वाचा. पाच डॉक्टर झाले की हमखास दिसतं ते असं: अल्प्राझोलाम एका पट्टीत, क्लोनाझेपाम दुसरीत, आणि तिसरी पोटाची म्हणून दिलेली, तिच्यात क्लोरडायझेपॉक्साइड. तिन्ही एकाच जातीची, गुंगी आणणाऱ्या बेन्झोडायझेपिन गटातली. दिवसा गुंगी, रात्री बाथरूमला जाताना तोल, आणि मग खुब्याचं हाड. खर्चाचा खरा खड्डा तिथे आहे.

डिप्रेशनसाठी एसएसआरआय गटातली गोळी सुरू केली तर बीपीची पट्टी बघा. नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध असतं. दोन्ही मिळून सोडियम घसरतं, माणूस बरळायला लागतो आणि थेट आयसीयू. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासा. ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. याच गटातली एसिटालोप्राम ५ मिग्रॅपासून, आणि या वयात सहसा १० च्या वर नाही. जनऔषधी केंद्रात चौकशी करा, गोळी स्वस्त पडते. गुण यायला चार ते आठ आठवडे लागतात. लोक पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडतात आणि पुन्हा एन्डोस्कोपीच्या रांगेत!

आकडेमोड
खर्चाचं उत्तर सरळ नाही. अमेरिकेत 'इम्पॅक्ट' प्रयोगात डिप्रेशनचे, ६० आणि पुढचे १,८०१ रुग्ण होते. नेहमीच्याच दवाखान्यात एक प्रशिक्षित नर्स किंवा मानसशास्त्रज्ञ सतत पाठपुरावा करी. वर्षभरात लक्षणं निम्म्याने उतरलेले ४५ टक्के, नेहमीच्या उपचारांत १९ टक्के. पैशांचं बघा: पहिल्या दोन वर्षांत बाह्यरुग्ण खर्च माणशी २९५ डॉलर जास्तच होता. पण ज्यांचा चार वर्षांचा हिशोब ठेवला, त्यांत पाठपुरावा झालेल्यांचा एकूण खर्च सरासरी २९,४२२ डॉलर, नेहमीच्या उपचारांतल्यांचा ३२,७८५. तेव्हा पहिल्या वर्षी बचतीची आशा धरू नका. आकडे तिकडचे आहेत, इंदूरला जसेच्या तसे लावू नका.

क्लेमवाले
नकारपत्रावर 'एक्सक्लूजन ०४' असा कोड आहे का बघा. निव्वळ तपासण्यांसाठीची भरती त्यात नाकारतात आणि रिपोर्ट नॉर्मल आले की कंपनीचं काम सोपं होतं. मानसिक आजाराचं वेगळं आहे: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं लागतं. पण हे भरतीपुरतं, ओपीडी बहुतेक पॉलिसींत नसते. डिस्चार्ज कागदावर निदान आणि दिलेले उपचार स्पष्ट लिहून घ्या. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग भोपाळचे विमा लोकपाल.

७० पूर्ण आहेत, तेव्हा सरकारी आरोग्यविम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. वर्षाला ५ लाख, तेही भरतीसाठीच. ओपीडीसाठी सरकारी एमवाय रुग्णालय किंवा बाणगंगाचं मानसिक रुग्णालय.

रामबाग_इंदूर
पट्ट्या मांडल्या. अल्प्राझोलाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड, दोन्ही निघाल्या. आजपासून बंद करू का?

दवाबाजार
नको! एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. दोन्ही पट्ट्या घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा आणि कमी करण्याचं वेळापत्रक लिहून घ्या. दर दोन आठवड्यांनी चालू डोसाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त कपात नको, या वयात त्याहून हळू.