जुनी बेसबॉल कार्डं जमवणं: खरा छंद की पुठ्ठ्याला सोन्याचा भाव?

एडिसनकर:
न्यू जर्सीत येऊन बावीस वर्षं झाली पण बेसबॉल कळायला लागला तो पोरगा लिटल लीगला (मुलांच्या बेसबॉल स्पर्धेला) जायला लागल्यावर. मागच्या महिन्यात एका कार्ड शोमध्ये टी२०६ सिरीजमधलं एक बेसबॉल कार्ड (खेळाडूचं चित्र असलेला छोटा पुठ्ठा) घेतलं, ४० डॉलरला. १९०९ ते १९११ च्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी ही कार्डं सिगरेटच्या पाकिटात घालायची, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, लिथोवर छापलेली, आणि रंग असे की अजून बघत राहावंसं वाटतं. माझ्या कार्डावरचा खेळाडू आज कुणालाच आठवत नाही, चारी कोपरे गोल झालेत, मधून एक घडी पडलीय. पण कुणीतरी हे खिशात घेऊन फिरलंय ना, शंभर वर्षांहून जास्त काळ हे या हातातून त्या हातात आलंय, ते हातात धरलं की कळतं. माझं मत स्पष्ट आहे, जुन्या कार्डाची खरी किंमत त्याच्या झिजण्यात आहे, आणि कोऱ्या करकरीत कार्डामागे लाखो डॉलर घेऊन धावणाऱ्यांनी या छंदाचं वाटोळं केलंय. तुम्हाला काय वाटतं?

ठाणेकर_७८:
दादा तुमच्या भावनेचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. शेवटी तो पुठ्ठा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये टॉप्स या कार्ड कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ज्याने विकलं त्याने ते १९९१ मध्ये ५० हजाराला घेतलं होतं. आणि ते मँटलचं पहिलं कार्डसुद्धा नाही हो, पहिलं बोमन या दुसऱ्या कंपनीचं, १९५१ मधलं! एवढ्या पैशात गावाला हॉस्पिटल उभं राहतं. आम्हीपण लहानपणी काडेपेट्यांची छापं जमवायचो, वर्गात अदलाबदल करायचो, भांडायचो, मोठे झाल्यावर सोडून दिली. छंद म्हणजे तो. हा सट्टा आहे.

एडिसनकर:
@ठाणेकर सट्ट्याबद्दल तुमचं-माझं भांडण नाहीच. पण जुनी कार्डं महाग का झाली ते बघा, कारण ती जपावी असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पोरं सायकलच्या चाकात अडकवायची फडफड आवाज यावा म्हणून, आया घर आवरताना कचऱ्यात टाकायच्या. १९५२ ची न विकलेली खोकीच्या खोकी टॉप्सनेच १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात नेऊन बुडवली, तो कार्डांचा सेट बनवणाऱ्या टॉप्सच्या साय बर्गरने स्वतः सांगितलेलं आहे हे. म्हणजे जे उरलं ते नशिबाने उरलं. याउलट १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी गुंतवणूक म्हणून पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या, कंपन्यांनीही बेसुमार छापलं, आज त्यातल्या बहुतेकांना रद्दीचा भाव. जपून ठेवायचं म्हणून ठेवलेलं कवडीमोल झालं आणि वापरलेलं टिकलं, यातच सगळं आलं.

मुक्ता_पुणे:
दुर्मिळ म्हणून महाग हे अर्धंच खरं आहे एडिसनकर. त्याच १९५२ च्या सेटमध्ये मँटल ३११ नंबर आणि जॅकी रॉबिन्सन ३१२, शेजारी शेजारी. दोन्ही एकाच शीटवर दोन-दोनदा छापलेली, म्हणजे त्याच सिरीजमधल्या बाकी साध्या खेळाडूंपेक्षा ही दोन जास्त छापली गेली. तरी मँटलचा भाव आभाळात आणि रॉबिन्सन कुठच्या कुठे मागे. रॉबिन्सन, ज्याने १९४७ मध्ये काळ्या खेळाडूंसाठी गोऱ्यांच्या मेजर लीगचं दार उघडलं तो! मग भाव कुठून येतो? ज्या पोरांचा हिरो मँटल होता ती पोरं मोठी झाली, त्यांच्या हातात पैसा आला, तिथून. आणि तुमच्या त्या सुंदर टी२०६ मध्ये एकही काळा खेळाडू नाही, कारण तेव्हा त्यांना मेजर लीगमध्ये खेळूच द्यायचे नाहीत. काळ्यांच्या लीगमधल्या जॉश गिब्सनसारख्या माणसाची कार्डं शोधून सापडत नाहीत. त्यामुळे ही कार्डं म्हणजे इतिहास वगैरे म्हणताना अर्धी माणसं त्या पाकिटातून बाहेर ठेवली होती हेही बोलायला हवं. मला जुनी कार्डं आवडतात, पण या एका गोष्टीचा राग आहे आणि तो राहणार.

एडिसनकर:
मुक्ताताई, हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. मान्य.

शार्लटचा_सम्या:
मी ग्रेडिंगच्या (कंपनीने कार्ड तपासून गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करायचं) बाजूने बोलणार, शिव्या घाला. दोन वर्षांपूर्वी एका शोमध्ये एका माणसाकडून १९५० च्या दशकातलं एक कार्ड घेतलं, उघडं, प्लॅस्टिकच्या डबीशिवाय, कोपरे बघून खूश झालो. नंतर तपासायला पाठवलं तर उत्तर आलं की कोपरे नवे दिसावेत म्हणून कडा कापलेल्या आहेत. ६०० डॉलर गेले. झिजलेल्या कोपऱ्याचं कौतुक तुम्ही ४० डॉलरच्या कार्डाला करू शकता, पैसे जास्त असतील तर कुणीतरी तिसऱ्याने भिंगाखाली बघितलेलं हवंच.

ठाणेकर_७८:
@सम्या वाईट झालं रे. पण त्या तिसऱ्या माणसावर तरी किती विश्वास? जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड, टी२०६ मधलं होनस वॅग्नर या खेळाडूचं, १९९१ मध्ये हॉकीवाला वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या पार्टनरने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलेलं. पीएसए या कंपनीने ग्रेडिंग सुरू केलं तेव्हा पहिलंच तपासलेलं कार्ड हेच, १० पैकी ८ दिले. आणि २०१३ मध्ये ज्याने ते पूर्वी विकलं होतं त्याने कोर्टात कबूल केलं की कडा आपणच कापल्या. हे पचवून लोक अजून डबीवरचा आकडा बघून पैसे मोजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दादरची_शुभा:
सगळे पैशावरच आलात म्हणून लिहिते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला जेफरसन बर्डिक नावाचा एक माणूस होता, कारखान्यात नोकरी, संधिवाताने हात-बोटं वाकडी झालेली. टी२०६ हे नाव ज्या कॅटलॉगमुळे पडलं तो त्याचाच. आपला सगळा संग्रह, तीन लाखांहून जास्त कागद, त्यातली तीसेक हजार बेसबॉल कार्डं, त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली, विकली नाहीत. नुसती दिली नाहीत तर स्वतः तिथे जाऊन वर्षानुवर्षं त्या वाकड्या बोटांनी अल्बममध्ये चिकटवत बसला. १९६३ च्या जानेवारीत काम संपलं आणि मार्चमध्ये माणूस गेला. आणि विशेष म्हणजे त्या संग्रहात वॅग्नरही आहे, गोंदाने चिकटवलेला. चिकटवलेलं कार्ड म्हणजे बाजाराच्या हिशेबाने खराब! ठाणेकर, याला सट्टा म्हणाल?

ठाणेकर_७८:
नाही म्हणणार. अशा माणसापुढे हात जोडतो. पण असा एक निघतो आणि त्याच्या नावावर हजार लोक दुकान मांडतात, माझा विरोध त्याला आहे, आणि लहान पोरांना आता कार्ड म्हटलं की आधी भाव विचारायची सवय लागलीय त्याला आहे. एडिसनकर, तुमच्या पोराने कार्ड बघून काय विचारलं, खरं सांगा?

एडिसनकर:
पहिलं हेच, कितीला विकलं जाईल. खोटं कशाला सांगू. मग पाठीमागची बाजू दाखवली, पीडमाँट सिगरेटची जाहिरात आणि खाली फॅक्टरी नंबर २५, व्हर्जिनिया. त्याने नकाशा उघडला. परवा त्याने कार्ड वहीत ठेवताना घडीपाशी बोट लावून विचारलं, हे कुणी दुमडलं असेल? रात्री जेवताना तासभर त्यावरच चाललं होतं आमचं.

मुक्ता_पुणे:
मागच्या बाजूचा फोटो टाका ना, पीडमाँटचं निळं छापील काम बघायचंय. आणि पोराला रॉबिन्सनबद्दल पण सांगा.