पेलेट स्टोव्ह : काच काळी होतेय, गॅस्केट बदलायचं का?

नमस्कार मंडळी,

न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला आम्ही जे घर घेतलंय त्यात खाली बेसमेंटमध्ये पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या छोट्या कांड्या, म्हणजे पेलेट्स, जाळणारा) आधीपासूनच आहे. थंडी सुरू झाली म्हणून लावला तर ज्योत नुसती लोळतेय, नारिंगी आणि मंद, आणि एका संध्याकाळीत काच काळीकुट्ट. पेलेट्स खराब असतील म्हणून चाळीस पौंडाची नवीन बॅग आणली तरी तेच. पेटताना खोलीत धुराचा थोडा वासही येतो. घरात सासूबाई आहेत, लेक लहान आहे, आणि टेक्निशियन डिसेंबरशिवाय मिळत नाहीये. दाराच्या कडेची फट बंद करणारी दोरी (गॅस्केटच ना ते?) दबल्यासारखी दिसतेय. घरी बदलता येते का? कुणी केलंय का?

---

अगं, बाकी सगळं नंतर, वास येतोय ना, मग आज स्टोव्ह लावू नकोस. आणि खाली कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, चालू आहे का ते आत्ताच उठून बघ.

आता कारण सांगतो. हा स्टोव्ह लाकडाच्या स्टोव्हसारखा नुसत्या चिमणीच्या ओढीवर चालत नाही, मागे एक्झॉस्टचा ब्लोअर असतो तो धूर ओढून बाहेर ढकलतो. म्हणजे ब्लोअरच्या अलीकडे, जिथे आग आहे तिथे, हवा आत खेचली जाते आणि ब्लोअरच्या पुढे पाइपात दाब असतो. दाराचं नाहीतर राखेच्या ट्रेचं गॅस्केट गेलं तर ब्लोअर नीट चालू असताना धूर सहसा बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवा फटीतून आत घुसते आणि बर्न पॉटच्या, म्हणजे पेलेट्स जळतात त्या छोट्या भांड्याच्या, भोकांतून जी हवा यायला हवी ती कमी पडते, म्हणून ज्योत लोळते, काच काळी होते. पण ब्लोअर जिथे बसवलाय तिथलं गॅस्केट किंवा पाइपचा सांधा गळत असेल तर धूर थेट घरात. लोक दाराच्या दोरीवर पैसे घालतात आणि ब्लोअरचं ते पातळ, काही डॉलरचं गॅस्केट विसरतात, मला ते फार खटकतं. ब्लोअर काढला की ते नवीनच घालायचं, जुनं परत लावायचं नाही.

तिसरी शक्यता म्हणजे आतले राखेचे मार्ग इतके बुजलेत की ब्लोअरला ओढताच येत नाही. म्हणून आधी साफसफाई, मग गॅस्केट. स्टोव्ह पूर्ण थंड, प्लग काढलेला. बर्न पॉट बाहेर काढून त्यातली दगडासारखी झालेली राख खरवडायची आणि एकेक भोक मोकळं करायचं, पॉट उजेडाकडे धरला की सगळ्या भोकांतून आरपार दिसलं पाहिजे. मग आगीच्या मागची प्लेट निघते, तिच्यामागे राखेचा ढीग सापडेल, बहुतेक लोक तिथे कधी पोचतच नाहीत. पाइपच्या टी-ला (इंग्रजी T सारख्या सांध्याला) खालून टोपी असते ती काढून पाइपला ब्रश मार.

दारासाठी सोपी टेस्ट: डॉलरची नोट दारात धरून दार लाव आणि ओढ. सहज सरकली तर तिथे दोरी दबलीये. दाराच्या चारी बाजूंनी कर, बिजागरीकडे आणि कडीकडे वेगळं निघतं. कडी ॲडजस्ट होत असेल तर आधी ती घट्ट करून बघ, कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

---

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त दोरीचं सांगते, कारण वरमाँटला आमच्याकडे हे काम माझ्याकडे असतं.

जाडी जुन्या दोरीवरून मोजू नका, ती चपटी झालेली असते, मॉडेल नंबरवरून मॅन्युअलमध्ये बघा. जाड आणली तर दार लागत नाही. ग्लोव्ह्ज आणि मास्क घाला, फायबरग्लास आहे, हाताला खाज सुटते. जुना गोंद खाचेतून वायर ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर नवीन धरत नाही. दोरी आधी कोरडीच ठेवून बघा, मग स्टोव्हचा गॅस्केट सिमेंट लावून बसवा, आणि बसवताना ताणू नका, उलट किंचित आत ढकलत न्या, ताणलेली दोरी बारीक होते आणि पुढे आखडून सांध्यात फट पडते. कापायच्या जागी टेप गुंडाळून टेपमधूनच कापा, धागे सुटत नाहीत. सांधा बिजागरीच्या बाजूला. मग मधे बेकिंगचा कागद ठेवून दार लावा आणि ट्यूबवर लिहिलाय तेवढा वेळ सुकू द्या. काचेची पट्टी वेगळी असते, चपटी. ती बदललीत तर स्क्रू जपून, फार आवळले तर काच तडकते.

काच थंड असताना ओल्या कागदाला तीच बारीक राख लावून पुसा, आपल्याकडे भांडी घासायचे तशी, बहुतेक काजळी निघते.

आणि घरातला साधा व्हॅक्यूम राखेला अजिबात नको! राख थंड वाटते पण आत निखारा खूप वेळ जिवंत राहतो, व्हॅक्यूममध्ये हवा मिळाली की पेटतो. ॲश व्हॅक्यूम वेगळा मिळतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणि डबा घरापासून निदान दहा फूट लांब, डेकवर नाही.

---

काका, ताई, खूप खूप आभार. अलार्म वरच्या मजल्यावर होता, खाली नव्हताच, नवा आणून लावलाय. नोट कडीच्या बाजूने लगेच सरकली. मागची प्लेट काढली तर राख बोटभर जाड. पण ब्लोअरला हात लावायचं धाडस होत नाहीये.

---

हात लावू नकोस, आधी ब्लोअरचं गॅस्केट मागव. मी इथल्याच, न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरहून येतो, शनिवारी सकाळी जमेल. लीफ ब्लोअर आणतो, त्याची ओढणारी बाजू बाहेरच्या पाइपला लावली की आतली उरलेली राख निघून जाते, शेजारच्यांच्या गाड्या तेवढ्या लांब लावायला सांग. तोपर्यंत राख पूर्ण थंड हवी, म्हणजे शुक्रवारीसुद्धा स्टोव्ह पेटवायचा नाही.