राणीछाप रुपयांवर हिरवा चिकट थर

प्रश्न: आजीच्या पेटीतले १४ राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे) रुपये आणि थोड्या शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) चार वर्षांपूर्वी मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये लावल्या होत्या. आमचं घर रत्नागिरीत, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. परवा अल्बम उघडला तर १८६२ च्या रुपयावर, अगदी राणीच्या गालावर, हिरवा चिकट थर! पोटात धस्स झालं. चिंचेने घासू का?

उत्तर: ताई, चिंच नको, राख नको, काहीच घासू नका! तो थर पीव्हीसीचा, म्हणजे तुमच्या अल्बमच्या मऊ प्लास्टिकचा. त्यातून सुटणारं आम्ल धातू खातं. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घेऊन नाणं बुडवून ठेवा. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल-सुगंध असतात. मग नाणी ठेवायला मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लास्टिकची) पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल.

उत्तर: रबरबँड आणि वर्तमानपत्रही काढा, गंधकाने चांदी काळवंडते. शिवराईचा चॉकलेटी रंग मात्र जपा. तो गेला की परत येत नाही.

प्रश्नकर्ती: थर निघाला! गालावर बारीक खड्डा राहिलाय. बाकीचे १३ आजच हलवते.