बीपीच्या गोळीबरोबर रक्ततपासणीची तारीख का लिहून देत नाहीत?

धागाकर्ती:
आईला टेल्मिसार्टन चालू होतीच, बीपी उतरेना म्हणून क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी जोडली. बीपी छान आलं, १२८/७६. तिसऱ्या आठवड्यात ती घडी घातलेला टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालत बसली, पाच-सहा वेळा. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन दिवसांनी रक्त तपासलं तर सोडियम ११९! १३५ च्या खाली गेलं की कमी धरतात. मधल्या काळात दवाखान्यात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा नुसतं बीपी मोजलं. माझं म्हणणं एवढंच, गोळी लिहितानाच तपासणीची तारीख त्याच चिठ्ठीवर पडावी. तारीख नाही तर गोळी नाही.

जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर:
आईंचं वाचून वाईट वाटलं. त्या वयात, त्या गोळीवर रक्त बघायलाच हवं होतं. पण 'तारीख नाही तर गोळी नाही' याला माझा ठाम विरोध. अ‍ॅम्लोडिपिनला क्षारांची तपासणी लागत नाही, पायांवर सूज आली का एवढं विचारायचं. सरसकट नियम केला की तपासणी राहिलेला माणूस ओशाळून येतच नाही. गोळ्या संपतात. बीपी दुखत तर नाही, मग कळतं ते थेट पक्षाघात झाल्यावर.

धागाकर्ती:
अ‍ॅम्लोडिपिनचं मान्य, तेवढे शब्द मागे. बाकीच्यांचं काय? १९९९ च्या रॅल्स चाचणीत हृदय कमजोर झालेल्यांना स्पायरोनोलॅक्टोनचा (लघवी वाढवणारी, पण पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी) फायदा दिसला आणि ती भराभर लिहिली गेली. २००४ मध्ये ओंटारिओचा अभ्यास आला: एसीई गटाच्या (रामिप्रिलसारख्या) गोळ्या चालू असलेल्या अशा वृद्धांत पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. चाचणीत रक्तावर बारीक लक्ष होतं, बाहेर कोण ठेवणार?

डॉक्टर:
स्कॉटलंडचा २०१० चा अभ्यासही बघा. तिथे ही गोळी वाढली तशा तपासण्याही वाढल्या, भरती वाढली नाही. हे तुमच्याच बाजूचं आहे, कबूल. माझी भीती वेगळी आहे. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी सहसा चालवून घेतात, पुन्हा तपासतात. लोक रिपोर्टातला लाल आकडा बघून घरच्या घरी गोळी बंद करतात. तारखेबरोबर रिपोर्ट कोण वाचणार, तेही ठरायला हवं.

निवृत्त परिचारिका:
तुमचं दोघांचं रक्तावरच चाललंय. उभं करून बीपी कोण मोजतं? बसून १३४ असलेल्या आजोबांना मी उभं केलं, तीन मिनिटांच्या आत १०४. रात्री बाथरूमला उठताना ते दोनदा पडले होते. आणि दुखण्याच्या गोळ्या! टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि वर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, तिन्ही मिळून किडनीला गोत्यात आणतात. दुखण्याची गोळी कुणी सांगतच नाही, लोकांना ते औषध वाटत नाही.

धागाकर्ती:
आई गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेत होती. कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून नेते. तारीख मात्र मागणारच.